सहा ते नऊ

पुण्याहून घरी यायला दोन दिवस उरले होते. समुपदेशक सरांनी माझ्यापुढं एक कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "घरी गेल्यावर संध्याकाळी सहा ते नऊ काय करणार, ते लिहा."

मी पेन धरून बसलो. सकाळचं लिहिता आलं असतं, दुपारचंही आलं असतं. शेत आहे, जनावरं आहेत, ट्रॅक्टर चालवता येतो. पण सहा ते नऊ या वेळेत मी पंधरा वर्षं एकच काम केलं होतं. अर्ध्या तासानं सर आले तेव्हा कागद कोराच होता. ते रागावले नाहीत. घडी घालून तो कागद माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या. गावाकडं जाऊन भरा."

मी हिंगोली जिल्ह्यातला, वसमत तालुक्यातला. आमचं गाव पूर्णेच्या बाजूला, कालव्याच्या पाण्यावरचं. त्यामुळं आमच्याकडं हळद आहे, ऊस आहे, केळीही आहे. वर सेनगाव, कळमनुरीच्या माळरानावरच्या माणसाला आमचा हेवा वाटावा अशी जमीन. गावाचं आणि माझं नाव इथं लिहीत नाही. ज्या मीटिंगमुळं मी आज उभा आहे तिचा तो नियम आहे, आणि तो मला पटतो.

मी दारू शिकलो ती उसाच्या ट्रॅक्टरवर. वय वीस-एकवीस. रात्रपाळीला ट्रॅक्टर भरायचा, पहाटे रांगेत लावायचा. मजुरी ठरवतानाच बोललं जायचं, "दिवसाचे इतके आणि रात्रीची क्वार्टर." क्वार्टर मजुरीतच धरलेली. नको म्हणणाऱ्याला तिचे पैसे मिळत नसत, म्हणून नको कुणी म्हणत नसे. आमच्या भागातल्या किती कामांना ही क्वार्टर चिकटलेली आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. विहीर खोदली, स्लॅब पडला, मळणी झाली, हळद शिजली, की मालकानं संध्याकाळचं बघायचं. न बघणारा मालक चिकट ठरतो आणि पुढच्या वर्षी त्याला माणसं मिळत नाहीत. घेणारा आणि देणारा दोघंही अडकलेले.

पुढची पंधरा वर्षं मी थोडक्यात सांगतो. सगळ्यांची सारखीच असतात. मालकाची उचल फिटली नाही. दोन एकरांतलं एक एकर गहाण पडलं. चौथीतली लेक मला स्टँडवरून घरी आणायला यायची आणि वाटेत मैत्रीण दिसली की माझा हात सोडायची. एका रात्री भरलेली ट्रॉली माझ्या हातून कालव्याच्या कडेला उलटली. मागं दोन माणसं बसलेली होती. दोघंही वाचली. दुसऱ्या दिवशी मालकानं चावी मागून घेतली आणि त्यानंतर पंचक्रोशीत मला स्टेअरिंगला कुणी हात लावू दिला नाही.

उपाय केले नाहीत असं नाही. घरच्यांनी चहातून पुड्या दिल्या. मी दोनदा माळ घातली. आमच्या मराठवाड्यात माळ घालणं हा दारू सोडण्याचा जुना, सरळ मार्ग आहे. नर्सीला नामदेव महाराजांपुढं माळ घालून कायमचे सुटलेले लोक मी पाहिले आहेत. माळेत बळ आहे, कारण तिच्याबरोबर संगत येते, हरिपाठ येतो, संध्याकाळ भरते. मी माळ घातली, पण संध्याकाळ जुनीच ठेवली. दोन्ही वेळा दोन महिन्यांत माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. माझ्या आईनं त्या दोन्ही माळा अजून जपून ठेवल्या आहेत.

२०१५ सालचा दुष्काळ होता. डिसेंबरात थोरल्या भावानं बैल विकला आणि मला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला नेलं. येरवड्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात.

पहिले चार दिवस मला नीट आठवत नाहीत. हात इतके कापायचे की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागे. भिंतीवर मुंग्या दिसायच्या आणि त्या अंगावर येतायत असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, शरीराला रोज मिळणारी दारू एकदम थांबली की असं होतं, औषधानं उतरेल. उतरलं. हे चार दिवस मी घरात, कोंडलेल्या खोलीत काढले असते तर कदाचित मेलो असतो, हे मला तिथं कळलं. पुढं ही माहिती फार कामाला आली.

मुक्तांगणची गोष्ट तिथंच ऐकली. १९८०च्या दशकात पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली आणि पोरं तिच्या नादी लागली. अनिल अवचटांनी त्या मुलांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी १ लाख रुपये देऊ केले, आणि मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू केलं. सगळे त्यांना मोठ्या मॅडम म्हणतात. मी गेलो तेव्हा त्या जाऊन अठरा वर्षं झाली होती, त्यांची लेक मुक्ता पुणतांबेकर काम बघत होत्या. तरी मोठ्या मॅडमचं नाव तिथं रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी यायचं. आम्हाला तिथं पेशंट म्हणत नसत. रुग्णमित्र म्हणत.

पस्तीस दिवसांत व्यायाम, प्राणायाम, गटात बोलणं, एकट्यानं बोलणं, गाणी, मीटिंग असं सगळं होतं. मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. दाखल करून घेणारा, किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा, रात्री उशाशी येऊन बसणारा, यांतले कितीतरी जण आधी माझ्यासारखेच तिथं आलेले होते. मी ज्याला "साहेब" म्हणत होतो तो एकदा म्हणाला, "मला कशाला साहेब? मी तिसऱ्या वेळी सुधारलो." ज्याच्या हातात घरच्यांनी दहा रुपये दिले नसते, त्याच्या हातात इथं किल्ल्या होत्या. मी बराच वेळ त्या जुडग्याकडंच बघत बसलो होतो.

जानेवारीत घरी आलो. आणि मार्चमध्ये पुन्हा प्यालो.

हे सांगितलं पाहिजे, कारण लोक पस्तीस दिवसांवर थांबतात. पस्तीस दिवसांनी माणूस सुधारून आला असं गाव धरतं आणि तो घसरला की "पैसे पाण्यात गेले" म्हणतं. मला काम हवं होतं. हळदीचा हंगाम लागलेला, म्हणून एका टोळीत हळद शिजवायच्या कुकरवर लागलो. धुळवडीला मुकादमानं हिशोब केला, तो शेतातच, संध्याकाळी, मटणाच्या पातेल्यापुढं. रोख पैसे हातात, बाटली मध्ये, सात जण गोल बसलेले. मी उठून जायला हवं होतं. गेलो असतो तर उरलेले पैसे कधी मिळाले असते, हेही मला माहीत होतं. मी बसून राहिलो.

पंधरा दिवसांनी बायकोनं पुण्याला फोन लावला आणि मी फॉलोअपला गेलो. मान खाली घालून बसलो. सरांनी उपदेश केला नाही. कागद काढायला सांगितला. तो पाकिटात होता, कोराच. मग त्यांनी विचारलं, "मजुरी कधी मिळते? कुठं मिळते? कुणाच्या हातात मिळते?" मी तिन्ही उत्तरं दिली. ते म्हणाले, "मग तुमची दारू तिथं आहे. काम सोडू नका, ही तीन उत्तरं बदला."

काम हेच औषध, असं पुष्कळ लोक म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. मला दारू कामानंच लावली. रिकामा बसलेला माणूस पितो हे खरं, पण कामावरचा माणूसही पितो, आणि त्याला तर पैसे मिळत असतात. काम कुणाबरोबर, दाम कोणत्या वेळी, घरी परतायची वाट कुठून, यावर सगळं असतं. ही बारीक चौकशी करणारा माणूस मला त्याआधी आयुष्यात भेटला नव्हता.

सरांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगचा पत्ता दिला. ए.ए. म्हणतात तिला. १९३५ साली अमेरिकेत अक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही दारूनं बुडालेले, एकमेकांशी बोलून सावरले, त्यातून ही सुरू झाली. फी नाही, रजिस्टर नाही, बाहेरची देणगी घेत नाहीत. जमलेले लोक आपल्याच खिशातून डब्यात पाच-दहा रुपये टाकतात, त्यात चहा होतो. आमच्याकडची मीटिंग शाळेच्या एका खोलीत, गुरुवारी सात वाजता. पहिल्या दिवशी पाच माणसं होती. मी लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो. कागदावरची पहिली ओळ त्या रात्री लिहिली: गुरुवार, सात ते साडेआठ.

ए.ए. कुणाला नोकरी देत नाही, उसने पैसे देत नाही. तिचं ते कामच नाही. पण मीटिंग झाल्यावर शाळेच्या फाटकापाशी लोक बोलत उभे राहतात. तिथं एक जण होते, नऊ वर्षं न प्यालेले. मी त्यांना मामा म्हणतो. मामांचा स्वतःचा हळदीचा कुकर होता. त्यांनी माझी सगळी हकिगत ऐकली होती, ट्रॉली उलटली तीसुद्धा. तरी म्हणाले, "उद्यापासून ये. पण माझं ऐकायचं. कामावर थेंब चालणार नाही. उचल मिळणार नाही. मजुरी शनिवारी सकाळी, तुझ्या घरी येऊन, सूनबाईच्या हातात. आणि गुरुवारी पाचला तुला सुट्टी."

तिन्ही उत्तरं एका दमात बदलली.

ज्यांनी हळद पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हळद मृगाच्या आसपास लावतात आणि माघ-फाल्गुनात काढतात. आठ-नऊ महिने शेतकरी तिच्यावर खत, पाणी, निंदणी घालतो. मग ओली हळद ड्रममध्ये भरून बॉयलरच्या वाफेवर शिजवायची. काडी टोचून बघायची, सहज शिरली की झाली. कमी शिजली तर आत कच्ची राहते, वाळताना बिघडते. जास्त शिजली तर रंग जातो. नंतर पंधरा दिवस उन्हात वाळवून ढोलात पॉलिश करायची, की ती हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटला किंवा वसमतला जायला तयार. पाच क्विंटल ओली हळद वाळून साधारण एक क्विंटल होते. म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष त्या एका रात्रीत ड्रममध्ये असतं, आणि ड्रमपाशी उभा असलेला माणूस प्यालेला असेल तर वर्ष गेलं. वाफेनं भाजलेले हात-पायही मी पाहिले आहेत.

म्हणून मामांच्या कुकरला नंबर लागायचे. शेतकरी म्हणायचे, हे न पिणारे आहेत, हळद नीट शिजवतात. हंगाम संपेपर्यंत दुसरीकडं जागा असली तरी लोक आमच्यासाठी दोन दिवस थांबायचे. आणखी एक गोष्ट झाली, ती आम्ही ठरवून केली नव्हती. पहाटे चारला हळद भरायला बाया यायला लागल्या. कुकरवर रात्री बाईमाणूस येत नसे, कारण तिथं कोण कोणत्या अवस्थेत असेल याचा भरवसा नसे. आमच्याकडं येऊ लागल्या, कारण एकीनं दुसरीला सांगितलं. त्यांना त्या हंगामात जास्तीची मजुरी मिळाली.

माझी बायको बचत गटात आहे. मी न पिता वर्ष झालं, त्यानंतर एकदा गटाच्या अध्यक्षबाई घरी आल्या. बँकेत पैसे भरायचे होते आणि त्यांच्या घरी पाहुणे होते. त्यांनी पिशवी बायकोपुढं धरली, मग थोडं थांबल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दादा, तुम्ही चाललाच आहात तालुक्याला, तर भरून या." अकरा हजार चारशे रुपये. बारा बायांचे. मी एसटीत ती पिशवी शर्टाच्या आत धरून बसलो. वसमतच्या स्टँडवरून बँकेकडं जाताना जुनं दुकान लागतं. मी त्या दिवशी लांबच्या रस्त्यानं गेलो. पावती घेऊन आलो, अध्यक्षबाईंना दिली, त्यांनी ती न बघता घडी करून कमरेला खोचली. न बघता. घरी येऊन मी गोठ्यात बराच वेळ बसलो. बायकोनं हाक मारली नाही.

२०२० साली गुढीपाडव्याच्या दिवशी, २५ मार्चला, देश बंद झाला. शेतीच्या कामाला मोकळीक होती म्हणून आमचा कुकर तोंडाला रुमाल बांधून चालू राहिला. दारूची दुकानं मात्र एका दिवसात बंद झाली. तिसऱ्या दिवशी रात्री मला पहिला फोन आला. शेजारच्या गावातली एक बाई, रडत होती. नवऱ्याला झटके येतायत, भिंतीशी बोलतोय, हात कापतायत, लोक म्हणतात कोरोना आहे, घरात कोंडून ठेवा. मी विचारलं, "रोज किती प्यायचे?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "रोजच."

मला माझ्या भिंतीवरच्या मुंग्या आठवल्या. मी तिला सांगितलं, माय, कोंडू नकोस. हा दारू एकदम तुटल्याचा आजार आहे, यात जीव जातो, सरकारी दवाखान्यात ने आणि डॉक्टरला खरं सांग. तिच्या गावच्या सरपंचांना फोन करून गाडी मिळवली. तो माणूस वाचला. त्या पंधरा दिवसांत असे नऊ फोन आले. सगळ्यांना माझा नंबर कसा मिळाला हे मी विचारलं नाही. तोवर मला वाटायचं, मी गावात राहतो एवढंच. त्या वर्षी कळलं, की अडचणीच्या रात्री कुणाचं दार वाजवायचं हे गावानं मनात ठरवून ठेवलेलं असतं, आणि त्यात आता माझंही दार होतं.

मे महिन्यात दुकानं उघडली. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, पुन्हा निर्बंध असताना, आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वणीला सॅनिटायझर पिऊन सात माणसं गेली. ती बातमी आम्ही मीटिंगमध्ये वाचली आणि बराच वेळ कुणी बोललं नाही. दुकान बंद व्हावं असं मलाही वाटतं. बाटली आडवी करायला मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायांबद्दल मला फार आदर आहे, त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. पण ज्याचं शरीर दारूला बांधलं गेलंय त्याला दुकानाबरोबर दवाखानाही लागतो, आणि दवाखान्यानंतर संध्याकाळ लागते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी तिथं २०१६ साली मुक्तिपथ हे अभियान उभं करावं लागलं, गावोगाव संघटना आणि तालुक्याला उपचार, तेव्हा कुठं बंदीला हातपाय आले. आमच्या जिल्ह्यात असं काही व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

२०१९ साली केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेली पाहणी आली. तिच्यात लिहिलं होतं, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच काही ना काही उपचार मिळतो. मीटिंगला येणाऱ्या गुरुजींनी ते वाचून दाखवलं. मी घरी जाताना मनातल्या मनात आमच्याच गावातली नावं मोजत गेलो. मारुतीच्या पारापर्यंत सतरा झाली. त्यांतला पुण्याला गेलेला मी एकटा, आणि मला बैल विकून नेणारा भाऊ होता.

आता नशामुक्तीचा १४४४६ हा सरकारी फोन नंबर आहे, त्याला पैसे लागत नाहीत. मी तो रेशन दुकानाच्या भिंतीवर, पिठाच्या गिरणीवर आणि आमच्या कुकरच्या ट्रॉलीवर ऑइलपेंटनं लिहून घेतला आहे. कुकरवरचा सगळ्यांत जास्त वाचला जातो. हळद शिजेपर्यंत माणसाला तिथं उभं राहावंच लागतं.

मामा थकले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कुकर मला चालवायला दिला, उत्पन्नात निम्मा वाटा. गहाण पडलेलं एकर सुटलं आहे. लेक परभणीला नर्सिंगला आहे. शनिवारी सकाळी मी सहा घरी जातो, हिशोबाची वही घेऊन, आणि मजुरी ज्या त्या घरच्या बाईच्या हातात देतो. एका पोराला बायको नाही, त्याच्या आजीच्या हातात देतो. तिला मोजता येत नाही, म्हणून नोटा एकेक करून तिच्यापुढं मांडतो.

यंदा टोळीत सहा जण आहेत. त्यांतले तिघं व्यसनातून उठलेले. एकाला चार वर्षं झाली, एकाला अकरा महिने. तिसरा अठ्ठावीस वर्षांचा, हाताला चपळ, काडी टोचून हळद ओळखण्यात माझ्यापेक्षा तरबेज. नऊ महिने न पिता राहिला आणि गेल्या महिन्यात बहिणीच्या लग्नात प्याला. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात भिंतीकडं तोंड करून बसला होता. मी शेजारी बसलो. मुकादमाच्या धुळवडीची गोष्ट त्याला सांगितली, त्यानं ती मीटिंगमध्ये आधीही ऐकली होती. मग विचारलं, "पुण्याला कधी जायचं?" त्याच आठवड्यात त्याचा मेहुणा त्याला घेऊन गेला.

आज त्याचा एकोणिसावा दिवस आहे. भरायला रोजंदारीनं एक माणूस घेतला आहे. ड्रम उघडून काडी टोचायचं काम मात्र त्याचं आहे, ते सध्या मी करतोय.